आईच्या सुरकुत्या
दिवाळीच्या साफसफाईत आईचा एकमेव फोटो सापडला. पण गालावर बुरशीचा डाग! तो स्कॅन करून संगणकावर 'गिंप' उघडले. १९९६ पासूनचा हा फुकट प्रोग्रॅम मोठा गुणी खरा, पण त्यातले लेयर नि मास्क पाहून माझी छातीच दडपली! सूनबाई म्हणाली, "बाबा, फोनवरचे स्नॅपसीड घ्या." तेही फुकटच. त्यातल्या 'हीलिंग'ने बोट टेकवताच डाग गेला. हुरूप येऊन मी सुरकुत्याही पुसल्या, आणि आई परकीच दिसू लागली! नशीब, मूळ प्रत शाबूत होती. तेव्हा वाचकहो, नवशिक्याने प्रोग्रॅम निवडताना दोनच गोष्टी पाहाव्यात: चुकलेले पाऊल मागे घेता येते ना, आणि मूळ फोटो जपला जातो ना? सुरकुत्या मी परत आणल्या. आता आई पुन्हा आमच्याकडे पाहून हसते.