यूपीआय अडकतं तेव्हा नेमकं काय कमी पडतं?

१२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी भरदिवसा यूपीआय ठिकठिकाणी अडकलं आणि ठरलेलं निदान ऐकू आलं: लोक वाढले, सर्व्हर कमी पडले. तपासात समोर आलेलं कारण निराळं होतं. काही बँकांच्या यंत्रणा ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ अशी विचारणा पुन्हा पुन्हा करत होत्या. या चौकशीच्या गर्दीनेच यंत्रणा तुंबली. म्हणून एका व्यवहाराची विचारणा दोन तासांत फार तर तीनदा करायची, ही मर्यादा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बँकांना बजावली. क्षमतेचा हिशेब मांडताना व्यवहार मोजले जातात. त्यांच्यामागून येणाऱ्या या फेऱ्या मात्र सहज विसरल्या जातात.

दुसरा गैरसमज सरासरीचा. मे २०२५ मध्ये यूपीआयवर सुमारे १,८६८ कोटी व्यवहार झाले. महिन्याच्या सेकंदांनी भागलं तर सेकंदाला साधारण सात हजार. मग दहा हजारांची यंत्रणा उभारली की झालं? नाही. या भागाकारात पहाटेचे तीनही धरलेले आहेत आणि खरेदीच्या गर्दीची संध्याकाळही. यंत्रणा गर्दीच्या घटकेसाठी बांधायची असते. ती घटका थोडी सपाटही करता येते: ऑटोपेचे हप्ते सकाळी दहा ते दुपारी एक आणि संध्याकाळी पाच ते साडेनऊ या वेळा टाळून वसूल करावेत, असा नियम ऑगस्ट २०२५ पासून आला. नवी यंत्रं घेण्यापेक्षा हा उपाय कितीतरी स्वस्त.

सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे ‘सेकंदाला इतके व्यवहार’ हा एकच आकडा म्हणजे क्षमता. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम साधा आहे: दर सेकंदाला येणारे व्यवहार गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ, म्हणजे एका क्षणी आत अडकलेले व्यवहार. सात हजार व्यवहार दोन सेकंदांत उरकत असतील, तर आत चौदा हजार. तेच वीस सेकंद घेऊ लागले, तर एक लाख चाळीस हजार. गिऱ्हाईक एकही वाढलेलं नाही, तरी मेमरी, कनेक्शन, खात्यावरची कुलपं सगळं दहापट अडकलं. यूपीआयच्या एका व्यवहारात ॲप, त्यामागची बँक, एनपीसीआय, पैसे देणाऱ्याची बँक आणि घेणाऱ्याची बँक इतके जण असतात. यातली एक बँक मंदावली की तिची वाट पाहणारे सगळे तुंबतात. अशा वेळी मधल्या टप्प्यावर यंत्रं वाढवली, तर आधीच दमलेल्या बँकेवर आणखी मारा होतो, इतकंच.

‘यंत्र नव्वद टक्के वापरात आहे, म्हणजे पैसा वसूल’ हे वाक्य हिशेब खात्याला फार आवडतं. रांगेच्या अगदी साध्या गणितानुसार यंत्र पन्नास टक्के व्यग्र असेल, तर एका कामाला त्याच्या मूळ वेळेच्या दुप्पट वेळ लागतो. ऐंशी टक्क्यांना पाचपट, नव्वदला दहापट, पंच्याण्णवला वीसपट. रिकामी दिसणारी जागा गर्दीच्या धक्क्यासाठी राखलेली असते. बैठकीत कात्री आधी तिच्यावरच चालते.

आणि क्लाउड? ॲपचे नवे सर्व्हर तिथे काही मिनिटांत उभे राहतात, हे खरं. पण एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याच्या एकाच खात्यात हजारो रकमा जमा होत असतील आणि प्रत्येक वेळी तीच एक शिल्लक बदलायची असेल, तर त्या एकामागोमागच लागणार. भाड्याने घेतलेल्या शंभर यंत्रांनीही ती रांग तुटत नाही. खात्याची नोंद ठेवण्याची पद्धतच बदलावी लागते.

दुसरा मार्ग म्हणजे बँकेच्या यंत्रणेवरचा भार मुळातच कमी करणं; सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय लाइटचा उपयोग इथे कळतो. आधी भरून ठेवलेल्या शिल्लकीतून लहान रकमा जातात आणि चहाच्या दहा रुपयांसाठी दर वेळी बँकेच्या मुख्य यंत्रणेला उठवावं लागत नाही. शिल्लक तपासण्यावरही आता दिवसाला प्रत्येक ॲपमागे पन्नास वेळांची मर्यादा आहे, कारण त्यात पैसा हलत नसला तरी बँकेला उत्तर द्यावंच लागतं.