हाड मोडलं कधी?

विहिरीचा गाळ काढताना हाडं सापडली, की संभाजीनगर परिसरात ‘घाटी’ या सरकारी रुग्णालयाचं नाव आधी निघतं. माणसाचीच का, बाई की पुरुष, वय किती, एवढं सांगितलं की पूर्वी हाडांच्या अभ्यासकाचं काम संपे. घावांबद्दल बोलायचं ते डॉक्टरांनी. १९८४पासून हाडांचे अभ्यासक क्लाईड स्नो यांनी अर्जेंटिनात, लष्करी राजवटीने नाहीशा केलेल्यांचे सांगाडे तपासले, गोळीच्या खुणा न्यायालयात दाखवल्या. जखम वाचणं हेही मग या शास्त्राचं अंग ठरत गेलं.

तुटीच्या कडा गोलसर, नवं हाड धरलेलं, तर माणूस त्यानंतर जगला. ताज्या हाडात कोलॅजन हे चिवट प्रथिन शाबूत असतं. ओल्या फांदीसारखं ते वाकून तिरकं फाटतं. वाळलेलं बहुधा काटकोनात तुटतं, तुटीचा रंगही फिकट. गाळ काढणाऱ्याची कुदळ अशी ओळखू येते. अडचण मधल्या काळाची. मेल्यावरही हाडाचा ओलावा लगेच जात नाही, त्यामुळे मारणाऱ्याचा वार आणि नंतर प्रेत तोडणाऱ्याचा वार सारखाच दिसू शकतो. अहवालात ‘मृत्यूच्या सुमारास’ एवढंच लिहिणारा तज्ज्ञ मला जास्त भरवशाचा वाटतो.

घाव हेतूही सांगत नाही. इनामगावचंच बघा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या, जोर्वे संस्कृतीच्या काळातल्या प्रौढांच्या दफनांत घोट्याखालची पावलं तोडलेली आढळली. मेलेल्याने परत चालत येऊ नये म्हणून, असा एक अंदाज. तो राहू द्या. शिक्षा की विधी, हे नुसत्या कापावरून ठरत नाही. तीच तोड पुन्हा पुन्हा दिसली, शेजारी भांडी नीट मांडलेली सापडली, म्हणून विधी म्हणायचं.