मित्राला सर्व्हर का सापडत नाही?

घरच्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचा सर्व्हर सुरू केला, मित्राला १९२.१६८ने सुरू होणारा आयपी पत्ता पाठवला, तरी त्याच्या स्क्रीनवर 'कनेक्शन टाइम्ड आउट'च! साहजिक आहे. हा पत्ता घरातल्या वायफायपुरता. असेच पत्ते शेजारच्या घरातही असतात. बाहेर दिसतो तो फक्त राउटरचा सार्वजनिक पत्ता. तिथे आलेली हाक कुठल्या यंत्राकडे न्यायची, हे राउटरला सांगावं लागतं. जावा आवृत्तीसाठी २५५६५ क्रमांकाचं पोर्ट त्या कॉम्प्युटरकडे वळवायचं, की झालं पोर्ट फॉरवर्डिंग. पण अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात. मग राउटरशी कितीही झटापट करा, उपयोग शून्य. अशा वेळी स्वतंत्र पत्ता मागा, नाहीतर सर्व्हर भाड्याने घ्या. आणि व्हाइटलिस्ट, म्हणजे परवानगी दिलेल्या खेळाडूंची यादी, चालू ठेवा; उघडं पोर्ट अनोळखी लोकांनाही सापडतं.