तळ्यावर कुणाचं मत चालतं?

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं मानतात. पाळ घालायला भोवतीच्या सात टेकड्यांनी, म्हणजे सात बहिणींनी, मदत केली ही गावाची श्रद्धा. कोलू पाटलांचाही पुढे कोलासुर देव झाला.

तळ्याचं ज्ञान इथे घरातूनच मिळतं, पण सगळ्या घरांत सारखं नाही. कोहळी शेतकरी तळ्याकडे धानाच्या बांधीतून पाहतो: पाळ कुठे झिरपते, पाणी कोणत्या बांधीपर्यंत पुरेल. मासेमार ढिवराची नजर पाण्याखाली. काठावर बेशरमाची झुडपं माजली की पाहुण्याला जांभळी फुलं दिसतात. ढिवराला दिसते माशांची गेलेली जागा आणि अडकून फाटणारं जाळं. दोघंही बरोबर असतात, आणि पाणी किती सोडायचं यावरून भांडतातही.

जन्म मात्र पुरत नाही. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले. जिथे पाण्याचा निर्णय कार्यालयात गेला, तिथे पाळीवरच्या चर्चेला कामच उरलं नाही. काम सुटलेल्या घरातल्या मुलाला आडनाव मिळतं, नजर मिळत नाही. मच्छीमार सहकारी संस्थेत नियमात बसणाऱ्याला अर्ज भरून सभासद होता येतं. पण जाळं कुठे टाकायचं हे त्याला कुणी विचारेलच असं नाही.

मग बाहेरचा माणूस आत शिरतो कसा? १९३२ साली सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीतून नवेगावबांधला आले. गावचे माधवराव पाटील त्यांचे सोबती झाले. नुसतं पक्ष्याचं नाव विचारणारा पाहुणाच राहतो. त्याचं घरटं कुठे, तो कधी ओरडतो हे स्वतः पाहून सांगू लागलात, की लोक तुमची चूक काढतात. माझ्या मते प्रवेश मिळतो तो इथे. पाहुण्याची चूक कोण काढतं? चितमपल्लींनी स्थानिकांकडून मिळालेली नावं संस्कृत ग्रंथांतल्या नावांशी ताडून पाहिली, ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं.

तरी एक फरक राहतोच. बाहेरून आलेल्याची बदली होऊ शकते. ढिवराचा अंदाज चुकला, तर मासेमारीच्या ठेक्याचे पैसे त्यालाच भरावे लागतात.