मणक्यांचा जंतुविरहित अस्थिशोथ

मणक्यांचा जंतुविरहित अस्थिशोथ हा मुलांच्या व किशोरवयीनांच्या पाठीच्या कण्यात कोणत्याही जंतुसंसर्गाशिवाय उद्भवणारा हाडांचा दाहक आजार आहे. चिरकारी जंतुविरहित अस्थिमज्जाशोथ या व्यापक विकाराचे हे कण्यातील रूप होय. या विकाराचे पहिले वर्णन गिडिऑन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये केले. तो साधारणतः ७ ते १२ वर्षे वयात सुरू होतो व मुलींमध्ये अधिक आढळतो.

या आजारात शरीराची उपजत प्रतिकारयंत्रणा विनाकारण उद्दीपित होते. दाह वाढवणारी इंटरल्यूकिन-१ सारखी प्रथिने वाढतात, तर दाह शमवणारे इंटरल्यूकिन-१० कमी पडते. परिणामी हाड झिजवणाऱ्या पेशी सक्रिय होऊन मणका आतून पोकळ होत जातो. मूल मात्र बहुधा पाठदुखीपलीकडे काही सांगत नाही. ही दुखणी रात्री वाढतात. ताप नसतो किंवा किरकोळ असतो आणि रक्ततपासणीही अनेकदा जवळपास सामान्य येते. त्यामुळे मणका खचून चपटा झाल्यावर किंवा पाठीला बाक आल्यावरच निदान होणे, ही या आजाराची खरी हानी आहे. काही रुग्णांना सोरायसिस, तळहात-तळपायांवरील पुटकुळ्या किंवा आतड्याचा दाहही असतो.

केवळ या आजाराची ओळख पटवणारी एकही चाचणी नाही. भारतात मणका खचलेला दिसताच प्रथम क्षयाची शंका येते आणि ती रास्तच आहे. क्षयात बहुधा मणक्यांमधील चकती नष्ट होते व भोवती पू साचतो. जंतुविरहित शोथात पू साचणे विरळाच. तरीही क्षय, रक्ताचा कर्करोग, युइंग सार्कोमा व लँगरहान्स पेशींचा विकार वगळण्यासाठी अनेकदा हाडाचा तुकडा काढून तपासावा लागतो. त्यात दाह दिसतो, पण जंतू वाढत नाहीत. संपूर्ण शरीराच्या एमआरआयमध्ये न दुखणारी इतर बाधित हाडेही उघड होतात.

प्रतिजैविकांचा येथे उपयोग होत नाही. हातापायांच्या हाडांपुरत्या आजारात नेप्रोक्सेनसारखी दाहशामक औषधे पुष्कळदा पुरतात. मणका बाधित असल्यास मात्र पामिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट ही हाडांची झीज रोखणारी औषधे अथवा टीएनएफरोधक औषधे लवकर विचारात घेतली जातात. वेदना थांबली म्हणजे दाह शमला असे नसते. म्हणून एमआरआय ठरावीक काळाने पुन्हा केला जातो.