गेटाबाहेरची प्रश्नावली

जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलची पाळी सुटते तेव्हा गेटाशी एमबीएची मुलं प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन उभी असतात. विषय बहुधा ठरलेला, ‘कामगारांच्या कार्यसमाधानाचा अभ्यास’. त्यांच्याबरोबर मीही उभा राहतो. मनुष्यबळ व्यवस्थापनातलं संशोधन इथेच शिकता येतं, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्नावली पाच पर्यायांची. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडलेली ही मोजपट्टी ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत जाते. दिवसभर पोती वाहिलेला हमाल प्रश्न ऐकतो, शेजारच्या मुकादमाकडे बघतो आणि म्हणतो, “चांगलं शे, भाऊ.” मुलगा खालपर्यंत ‘सहमत’वर खुणा करत जातो. पुढे संगणकावर क्रॉनबाखचा आल्फा ०.७च्या वर आला की सगळे खूश. पण एकेकाने अशा एकाच रांगेत खुणा केल्या तर आल्फा चढणारच. उत्तरं एकमेकांशी जुळतात एवढंच तो सांगतो; ती खरी आहेत का, हे त्याला कळत नाही.

म्हणून प्रश्न मोडून नव्याने बांधावे लागतात. मजुरी पोत्यावर की रोजावर? गेल्या महिन्यात खाडे किती पडले? जादा कामाचे पैसे कधी हातात आले? पीएफ कापतात का? हेच प्रश्न टपरीवर, मुकादम नसताना विचारले की तोच हमाल बोटांवर हिशेब मांडतो. डाळ निवडणाऱ्या बायका मुलांशी फारसं बोलत नाहीत. मुलगी गेली तर शेजारी बसवून घेतात.

नमुना निवडतानाही असंच. ऑफिसातून मस्टर मिळालं की मुलांना काम झालं असं वाटतं. ठेकेदाराची माणसं त्या मस्टरवर नसतातच. कंत्राटी कामगारांसाठी कायदा १९७० सालीच झाला, तरी प्रकल्प अहवालांत हा माणूस क्वचितच भेटतो. ज्याला विचारायलाच हवं होतं, तोच यादीबाहेर राहतो.

लिहिण्याची अडचण वेगळी. शोधगंगेवर देशभरातले प्रबंध एका क्लिकवर मिळतात, त्यामुळे पूर्वसंशोधनाचा आढावा उतरवून काढण्याचा मोह होतो. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. मग सारी हुशारी शब्द फिरवून टक्का खाली आणण्यात जाते. मी मुलांना एवढंच सांगतो, की परक्या गिरणीवरचा प्रबंध वाचा आणि त्यातलं काय आपल्या मिलमध्ये लागू पडत नाही ते आधी लिहा. तिथून स्वतःचं वाक्य सुरू होतं.

जागेवर जाऊन पुरावा जमवण्याचं उदाहरण धुळ्याच्या विद्यार्थ्यांना तर गावातच आहे. गावोगाव हिंडून, घराघरांतली दप्तरं उघडायला लावून कागद जमवणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे. कागदाशिवाय विधान नको, हा त्यांचा आग्रह मनुष्यबळाच्या अभ्यासालाही तितकाच लागू आहे.

खानदेशातल्या मिलमालकांना आणि कारखानदारांना एक विनंती. असा विद्यार्थी तुमच्या गेटाशी आला तर त्याला आत घ्या, कामगारांशी अर्धा तास बोलू द्या, आणि तेवढा वेळ मुकादमाला दुसऱ्या कामाला पाठवा.