विजेची तार की नेटवर्कची केबल?

लोणावळ्यातल्या जुन्या बंगल्यांच्या भिंती जाड, दगडी. राउटर दिवाणखान्यात, आणि मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही. नेमकं तिथेच कुणी ऑफिसचं काम करतंय, कुणाची ऑनलाइन परीक्षा आहे. अशा वेळी आपल्यापुढे दोन रस्ते असतात: घरातल्या विजेच्या तारेतूनच इंटरनेट न्यायचं, किंवा स्वतंत्र केबल टाकायची.

पहिला रस्ता आधी बघू. घरात वीज येते २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर. पॉवरलाइन अडॅप्टर त्याच तारेवर साधारण २० लाख हर्ट्झच्या वरचा क्षीण संदेश चढवतो आणि दुसऱ्या खोलीतला त्याचा जोडीदार तो गाळून घेतो. दोन्ही वारंवारितांत हजारो पटींचं अंतर, म्हणून एकाच तारेवर दोघं सुखानं नांदतात. वीज कंपन्याही आपल्या उच्चदाबाच्या तारांवरून असेच संदेश पाठवत आल्या आहेत. भिंत फोडावी लागत नाही, हा मोठाच फायदा.

मग अडतं कुठे? मिक्सर, स्वस्त चार्जर, एलईडी दिवे त्याच तारेवर गोंगाट करतात. बंगल्याला थ्री-फेज असेल आणि दोन खोल्या वेगळ्या फेजवर असतील, तर संदेश फार कमकुवत होतो. स्पाइक गार्ड तर त्याला गिळूनच टाकतो. म्हणून खोक्यावर छापलेला वेग घरात क्वचितच मिळतो. शिवाय मावळातल्या पावसात वीज गेली, की अडॅप्टरही बंद. दोन्ही टोकांना इन्व्हर्टर हवा.

केबलचं तसं नाही. कॅट-६ केबलमध्ये तारांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात. बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो, म्हणून तो वजा करता येतो. १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग मिळतो. राउटरला छोटा यूपीएस असला, की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. घेताना मात्र शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. आणि विजेच्या पाइपातून ओढू नका. आउटहाउसपर्यंत उघड्यावरून न्यायची असेल तर फायबर बरं, कारण आकाशातल्या विजेचा झटका तांब्यातून घरात शिरू शकतो.

थोडक्यात, घर भाड्याचं असेल तर अडॅप्टरची जोडी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघावी. परत घेण्याची बोली दुकानदाराशी आधीच करावी. घर स्वतःचं असेल, तर पुढच्या वायरिंगच्या वेळी प्रत्येक खोलीत एक रिकामा पाइप जास्तीचा टाकून घ्यावा.